पुरस्काराच्या आधीचं पुस्तक

पदरमोड करून स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकांविषयी मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांच्या मेळाव्यांतून परतताना रुखरुख लागते. लेखक उभा राहतो, मिळालेले पुरस्कार सांगतो, मग लेखनामागची प्रेरणा सांगतो: वडिलांचं जाणं, सुटलेलं गाव, टाळेबंदीतलं एकटेपण. हे सगळं खरं असतं, ऐकताना आपणही हलतो. पण हस्तलिखित कुणी तपासलं, किती पानं काढून टाकली, यावर चकार शब्द निघत नाही.

आणि घरी येऊन पुस्तक उघडावं तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडालेले. ‘धर्म’चा ‘धम’ झालेला, तोही कवितेच्या पहिल्याच ओळीत. मलपृष्ठावर मात्र पुरस्कारांची यादी चोख.

स्वतःचं पुस्तक काढण्याची दुसरी तऱ्हाही आहे. १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ उभं केलं. प्रकाशकाच्या होकाराची वाट न पाहता कवींनीच आपली पुस्तकं काढायची, असा तो बेत. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले चित्रकार. पुस्तकांच्या मांडणीला त्यांचा हात लागला. त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ तिथूनच आली आणि १९७७ साली तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

मराठीतही त्यांनी हीच वाट धरली. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक काढलं. पुढचे मराठी संग्रह आले ते थेट २००३ मध्ये. मधली सव्वीस वर्षं ते लिहीत होते, फक्त छापायची घाई नव्हती. २००३ मध्ये आलेल्या ‘भिजकी वही’ला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कोलटकर जाऊन वर्ष उलटलं होतं. आपल्या प्रेरणेविषयी ते फारसं बोललेच नाहीत. मुलाखतींपासून दूरच राहिले.

प्रत्येकाने सव्वीस वर्षं थांबावं असं मी म्हणत नाही. पण प्रवेशशुल्क भरून, कधी सन्मानचिन्हाचा खर्चही स्वतःच सोसून घेतलेल्या पुरस्काराने पुस्तकाचं काहीही भलं होत नाही. तेच पैसे चांगल्या संपादकाला आणि मुद्रितशोधकाला द्यावेत. प्रकाशक नाकारला की त्याची सगळी कामं आपल्या अंगावर येतात, आणि त्यांतलं पहिलं काम म्हणजे आपल्याच लिखाणाला ‘नाही’ म्हणणं.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या मेळाव्यात लेखकाला पुरस्कारांविषयी विचारू नका, पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायला सांगा. ते आवडलं तर भेटप्रत मागू नका, पूर्ण किंमत मोजून पुस्तक विकत घ्या.