तेवीस किलोची बॅग आणि एक राजीनामा

आमच्या धाराशिवमध्ये (2023 साली नाव बदललं, आत्याच्या तोंडी मात्र अजून उस्मानाबादच) एखाद्या घरातली मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेला निघाली की शेवटचे पंधरा दिवस कसे जातात ते बघण्यासारखं असतं. तुळजापूरला जाऊन ओटी भरायची. काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी. कुंथलगिरीचे पेढे न्यायचे की नाही यावर परिसंवाद. बॅग वजनकाट्यावर ठेवली की तेवीस किलो चारशे ग्रॅम, आणि ते चारशे ग्रॅम कशातून काढायचे यावरून घरात दोन तट.

यावर माझं काही म्हणणं नाही, चटणी पाहिजेच. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याच मुलीने पुण्यातल्या कंपनीत पेपर टाकलेले असतात आणि त्यावर घरात पाच मिनिटंही बोलणं झालेलं नसतं. यादीतला एक आयटम जणू! प्रेशर कुकर, चष्म्याची जास्तीची जोडी, राजीनामा.

तिने विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं: "जायलीस ना आता, तिकडं गेल्यावर बघता येईल की!"

तर मंडळी, तिकडे गेल्यावर काय बघता येतं ते बघू. नवरा एच-1बी वर, तर बायको एच-4 वर. एच-4 वर राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येत नाही. 26 मे 2015 पासून काही जणींना ईएडी, म्हणजे वर्क परमिट, मिळू लागलं. पण अट वाचा: नवऱ्याचं ग्रीन कार्डाच्या रांगेतलं आय-140 मंजूर झालेलं हवं, किंवा त्याचा एच-1बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. म्हणजे नवऱ्याच्या कंपनीला ग्रीन कार्डाची फाईल कधी हलवावीशी वाटते, त्यावर बायको कामाला कधी लागणार हे ठरतं. हा नियमच रद्द करा म्हणून 2015 पासून कोर्टात केस चालू होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती ऐकायला नकार दिला म्हणून नियम वाचला. पण त्याच महिन्यात दुसरा दणका. 30 ऑक्टोबरपासून रिन्यूअलचा अर्ज केला तर निकाल येईपर्यंत जुन्या परमिटवर काम करत राहायची सोय बंद. कार्ड वेळेत आलं नाही की चालू नोकरी सोडून घरी बसा.

आणि 15 डिसेंबर 2025 पासून व्हिसा देताना एच-4 वाल्यांचंही सोशल मीडिया तपासतात. नोकरीची परवानगी नाही, पण बाईने फेसबुकवर काय लिहिलंय ते साहेबाला बघायचंय!

दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. राबतात दोघं, उचल नवऱ्याच्या हातात. आपण पुण्यात बसून याला मागास म्हणतो, आणि ते आहेच. विमानात बसणारीची आणि उसाच्या फडातल्या बाईची बरोबरी मी करत नाहीये, ती होणारही नाही. पण हिशेबाची रीत बघा: जातात दोघं, वहीत नाव एकाचं. मुकादमाला निदान हे पक्कं माहीत असतं की तिच्याशिवाय कोयता पुरा होत नाही. आपल्याकडे काय, "तुझं बरंय बाई, आरामच आराम!"

आता कुणी म्हणेल, कायदा अमेरिकेचा, आपण काय करणार? मान्य. पण आपल्या हातात आहे तेवढं तरी करतो का? त्याच अमेरिकेत एल-1 वर गेलात तर एल-2 वाल्या बायकोला नोव्हेंबर 2021 पासून वेगळ्या परमिटची वाट न बघता काम करता येतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदारालाही काम करता येतं. म्हणजे कंपनी कुठे आणि कुठल्या व्हिसावर पाठवतेय, हा बायकोच्याही करिअरचा प्रश्न आहे. आपण इंजिनिअर लोक ऑफर लेटरमधला रिलोकेशन बोनस वाचतो, इन्शुरन्सचं को-पे वाचतो, एचआरला दहा मेल टाकतो. 'आय-140 कधी फाईल करणार?' हा अकरावा मेल टाकायला मात्र संकोच वाटतो.

माझी एक आतेबहीण तेरणा कॉलेजातून इंजिनिअर झालेली, सात वर्षं टेस्टिंगमध्ये, शेवटी टीम लीड. नवरा अगदी भला माणूस (भाजी निवडतो, लसूणसुद्धा सोलतो). आय-140 ची अट दोघांनाही निघायच्या आठ दिवस आधी कळली. तोवर तिच्या जागी दुसरं माणूस आलं होतं. राजीनाम्याऐवजी वर्षभराची बिनपगारी रजा मागता आली असती. ती मिळाली असतीच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

नाहीतर त्याने पुढे जावं, तिने इथली नोकरी चालू ठेवून सुट्टीत जाऊन यावं, परमिटचं दिसायला लागलं की मग मुक्काम हलवावा. हे मी जेवताना बोललो तर आत्या ताट सोडून उठली. "लग्न मोडायला निघालास का रे?" ह्याच घरातले दोन जावई ऑनसाइटच्या नावाखाली वर्ष वर्ष एकटे राहून आलेत. तेव्हा लग्न मोडायची भीती कुणाला वाटली नव्हती, उलट गल्लीत पेढे वाटले होते.