आधी विचारा, मग शिक्का

शिवडीहून उरण तालुक्यात उतरणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूला जपानच्या 'जायका' या सहकार्य संस्थेने कर्ज दिले. कर्जाबरोबर तिथली निर्णयाची रीतही मागून घेतली असती, तर रायगडच्या किनाऱ्याचे भलेच झाले असते.

जपानी कचेरीत प्रस्ताव बहुधा खालच्या फळीतला अधिकारी लिहितो. 'रिंगी' नावाचा तो कागद खात्याखात्यांतून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवतो. इथवर हा प्रवास मंत्रालयातल्या फायलीसारखाच. खरे काम होते ते कागद निघण्याआधी. लिहिणारा एकेकाला गाठतो, हरकती ऐकतो, मसुदा बदलतो. या 'नेमावाशी'मुळे बैठकीत भांडायला फारसे काही उरत नाही. सुरुवातीला वेळ जातो, पण एकदा ठरले की काम अडत नाही.

रायगडच्याच खारेपाटाने याच्या उलट अनुभवले. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यायचे ठरले, नोटिसा निघाल्या. शेतकरी रस्त्यावर आले, ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा कुठे २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारने जनमत घेतले. कौल विरोधात गेला, सेझ बारगळला. विचारायचेच होते, तर नोटिशीआधी का नाही?

अर्थात, जपानी माणूस जात्याच शहाणा असे नव्हे. नारिता विमानतळाची जागा तिथल्या सरकारने १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारताच ठरवली. त्यावरून रक्त सांडले. १९७८ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलकांनी नियंत्रण कक्षाची मोडतोड केली. दुसरी धावपट्टी सुरू व्हायला २००२ उजाडले. त्याआधी १९९५ मध्ये पंतप्रधानांना शेतकऱ्यांची माफी मागावी लागली. कचेरीतल्या प्रत्येकाला विचारणाऱ्या देशात, ज्याची जमीन जाणार त्यालाच कोणी विचारले नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती लागते; सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ती अट नाही. ती नाही म्हणून विचारायला बंदीही नाही. किनाऱ्यावरच्या पुढच्या प्रकल्पाची पहिली टिपणी मंत्रालयात नव्हे, ग्रामसभेत लिहिली जावी. शिक्के काय, नंतरही मारता येतात.