श्रोत्यांनी हसावे की नाही?

तिकीट काढून विनोद ऐकावयास जाणे हा गुन्हा नव्हे, ही साधी गोष्ट महाराष्ट्रात पुन्हा सांगावी लागावी, हे या राज्याला भूषणावह नाही. मुंबईच्या खार उपनगरात ‘हॅबिटॅट’ नावाचे एक लहानसे सभागृह आहे. तेथे झालेल्या कार्यक्रमात कुणाल कामरा यांनी एका विडंबनगीतातून, नाव न घेता, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर टीका केली. त्याचे चित्रीकरण प्रसृत होताच, २३ मार्च २०२५ च्या रात्री शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सभागृहात शिरून खुर्च्या मोडल्या. काहींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. दुसऱ्याच दिवशी, अनधिकृत बांधकामाचे कारण सांगत, महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तेथे हजर झाले. चालकांनी सभागृह बंद ठेवण्याचे जाहीर केले. पुढे कार्यक्रमास हजर असलेल्या एका प्रेक्षकास साक्षीदार म्हणून पोलिसांची नोटीस गेल्याचे व त्याला आपला प्रवास अर्धवट टाकून परतावे लागल्याचे वृत्त आले.

या प्रकरणाची चर्चा प्रामुख्याने कलावंताच्या स्वातंत्र्याभोवती फिरली. ती आवश्यकच होती. मद्रास उच्च न्यायालयाने व नंतर मुंबई उच्च न्यायालयाने कामरा यांना अटकेपासून संरक्षण दिले. परंतु जमावाचा आणि हातोड्याचा खरा घाव कलावंतापेक्षा सभागृहावर आणि श्रोत्यांवर पडला, हे पुरेसे लक्षात घेतले गेले नाही. या कलेला नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही. एक ध्वनिक्षेपक आणि समोर बसलेली माणसे एवढीच तिची सामग्री. नवखा कलावंत पाच-सात मिनिटांची संधी मिळवून आपला विनोद श्रोत्यांपुढे पारखून घेतो. जे हसू येत नाही ते टाकतो, जे येते त्याला धार लावतो. महोत्सवांत आणि मोठ्या नाट्यगृहांत गाजणारा तासाभराचा कार्यक्रम अशा अनेक रात्रींतून घडतो. म्हणजे श्रोता हा येथे निव्वळ गिऱ्हाईक नसून निर्मितीतील भागीदार आहे. त्याच्या मनात भीती बसली, आणि सभागृहाच्या मालकाने ‘राजकारणावर बोलू नका’ अशी अट घातली, की कोणत्याही बंदीहुकुमाशिवाय बंदी अमलात येते.

महाराष्ट्राला बंदीहुकूम नवे नाहीत. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कर्झनशाहीचे प्रतिबिंब दिसल्यामुळे परकीय सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर गदा आली, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या बंदीला निदान एक कागद होता, त्याखाली कोणाची तरी सही होती. म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता आली. आज रात्री जमाव येतो आणि सकाळी पालिका. जमाव म्हणतो, ‘आमच्या भावना दुखावल्या’. पालिका म्हणते, ‘आमचा त्याच्याशी संबंध नाही’. मग दाद मागावी ती कोणाविरुद्ध? वर्षानुवर्षे न दिसलेले बांधकाम नेमके त्याच सकाळी दिसावे, या योगायोगावर शाळकरी पोरही विश्वास ठेवणार नाही.

ज्या पक्षाचा वारसा हे कार्यकर्ते सांगतात, त्याचा उगम १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकात आहे, याचे त्यांना स्मरण असावयास हवे होते. मात्र असहिष्णुता ही एकाच पक्षाची मिरास नव्हे. २०२२ साली महाविकास आघाडीच्या राजवटीत शरद पवारांविषयीच्या समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी केतकी चितळे यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. सत्ता कोणाचीही असो, मोजमाप एकच असले पाहिजे.

हा विनोद अभिरुचिहीन असतो, असा आक्षेप घेतला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. मोलकरणीची, खेडुताची, जाडजूड बाईची टिंगल करून मिळविलेले हशे आम्हाला यत्किंचितही प्रिय नाहीत. परंतु अभिरुचीचा न्याय श्रोत्यांनी करावयाचा असतो. न हसणे, उठून जाणे, लेखणीने झोडपणे, बदनामी वाटल्यास न्यायालयात जाणे, हे मार्ग सर्वांना खुले आहेत. कविता किंवा स्टँडअप विनोदाने समाजात वैर पसरते असे मानण्याइतके आपले प्रजासत्ताक ७५ वर्षांनंतर डळमळीत असता कामा नये, असा सर्वोच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी प्रकरणातील निकालाचा आशय आहे. त्यात अधिक भर घालण्याची गरज नाही.

आम्हाला खटकते ते दुसरेच. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पुढाऱ्यांची यथेच्छ थट्टा करणारी लोकनाट्ये गावोगाव नेली, पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले, राम नगरकर त्याच मुशीतून घडले. त्या थट्टेचा श्रोता शेतकरी होता, गिरणी कामगार होता. आजच्या राजकीय विनोदाची भाषा बहुतांशी हिंदी-इंग्रजी आहे आणि त्याचे तिकीट घाटकोपरच्या चाळीतील कामगाराला सहज परवडणारे नाही. मूठभरांपुरता राहिलेला विनोद चिरडणे सोपे जाते, कारण त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरावयास कोणी नसते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मोडतोडीची भरपाई मोडणाऱ्यांकडून वसूल व्हावी. हातोडा कोणाच्या आदेशाने निघाला, हे पालिकेने जाहीर करावे. केवळ श्रोता म्हणून हजर होता, एवढ्याच कारणास्तव कोणासही पोलीस ठाण्याची पायरी चढावयास लावू नये. आणि विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही नागरिकांच्या पैशाने उभी राहिलेली नाट्यगृहे मराठी विनोदी कलावंतांना अल्प भाड्यात, मजकुरासंबंधी कोणतीही अट न घालता, नियमितपणे उपलब्ध व्हावीत. ज्यांनी आपल्या लेखणीने भल्याभल्यांना घाम फोडला, त्या प्रबोधनकारांच्या नावाला हे शोभूनच दिसेल.

तोवर आमच्या वाचकांनी एक करावे. जवळपास असा कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जावे, पुढच्या रांगेत बसावे. विनोद आवडला तर मोकळेपणी हसावे. न आवडला तर हसू नये. हे दोन्ही हक्क श्रोत्यांचे आहेत, आणि ते कोणत्याही पुढाऱ्याकडे गहाण पडलेले नाहीत.