शांततेचा हप्ता

कल्याणच्या पुढे गाडी निघाली की रुळांच्या दोन्ही बाजूंना होर्डिंगं सुरू होतात. 'गजबजाटापासून दूर', 'निसर्गाच्या कुशीत', 'शांत, निवांत आयुष्य'. मागे डोंगर, पुढे स्विमिंग पूल आणि मधोमध हसरं चौकोनी कुटुंब. त्यातला बाप लख्ख उजेडात पोराला सायकल शिकवतोय. मला त्या बापाला एकच विचारायचंय: बाबा रे, तू कामाला कुठे जातोस?

मी बदलापूरला राहते. सीएसएमटीपासून 68 किलोमीटर. शांतता आहे, हे मी नाकारत नाही. सुट्टीच्या दिवशी नव्हे, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी बारा वाजता कात्रपच्या एखाद्या गल्लीत येऊन बघा. कुठेतरी कुकरची शिट्टी होते, वॉचमनच्या मोबाइलवर जुनी गाणी चालू असतात, बाकी काही नाही. रस्त्यावर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि पार्सल घेऊन फिरणारे डिलिव्हरीवाले. विशी ते पंचावन्न या वयाचं माणूस शोधून सापडत नाही. सगळे पहाटे निघून गेलेले असतात, रात्री परत येतात. होर्डिंगवर जी शांतता विकली जाते ती आमच्या गैरहजेरीतून तयार होते. आम्ही दिवसभर घरी असतो, तर इथेही डोंबिवलीइतकाच गलका झाला असता.

आता हिशोब करू. घर ते ऑफिस दोन तास, परत दोन तास. म्हणजे रोजचे चार. महिन्याला 25 दिवस धरले तर 100 तास, वर्षाला 1,200. आठ तासांची पाळी धरली तर हे 150 दिवसांचं काम झालं. वर्षातून 150 दिवस मी एक दुसरी नोकरी करते आणि तिचा पगार मिळत नाही. उलट पासाचे पैसे मीच भरते. तीस वर्षं अशीच गेली तर 36,000 तास, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ, रात्रंदिवस, गाडीत. होम लोनचा हप्ता बँकेला जातो. हा दुसरा हप्ता कुणाच्या खात्यात जातो, ते कुणी विचारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पण घर परवडलं ना?' जणू स्वस्त घर हा आमच्यावर झालेला उपकार आहे. ते घर इथे का परवडतं आणि तिथे का परवडत नाही, हे आभाळातून पडलेलं नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांची जमीन आठवा. 1991च्या नियमानुसार तिचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. हा वाटा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू झाला, गिरणीचं बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. परवडणाऱ्या घरांचा वाटा आक्रसला आणि त्याच जमिनीवर काचेची ऑफिसं उभी राहिली. आज त्या काचेच्या आत बसणारी कितीतरी पोरं बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, विरारहून येतात. गिरणी कामगार भोंगा ऐकून चालत कामाला जायचा. त्याची नात 68 किलोमीटर लटकत जाते आणि याला प्रगती म्हणायचं.

दुसरं उत्तर: 'प्रवास तुझा खासगी प्रश्न आहे.' हे मला मुलाखतीत ऐकवलं गेलंय. पण कायदा तसं म्हणत नाही. ईएसआय कायद्यात 2010 साली कलम 51-ई आलं. घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना अपघात झाला आणि वेळ, ठिकाण, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला, तर तो नोकरीतलाच अपघात धरला जातो. म्हणजे गाडीतून पडून माझा पाय गेला तर तो प्रवास कामाचा. पाय शाबूत राहिला तर तोच प्रवास खासगी! हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि पाय जातात. जीवही जातात. 2023 या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दारं लागतील, चांगलंच आहे. पण माणूस दारात हौसेने उभा नव्हता. आत जागा नव्हती. गाड्या वाढवल्याशिवाय दारं बंद केलीत, तर तो फलाटावर राहील आणि त्याचा लेटमार्क लागेल, एवढाच फरक.

गाड्या वाढायला रूळ लागतात. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेची पायाभरणी 2008 ची, उद्घाटन 2022 चं. चौदा वर्षं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला 2019 मध्ये मंजुरी मिळाली. मुंब्र्याला माणसं पडली तेव्हाही बदलापूरकर दोनच मार्गिकांवर धावत होते. इकडे गावाची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि टॉवर तर त्यानंतरच खरे उगवले. इमारतीला परवानगी पटकन मिळते, रुळाला पिढी लागते.

राहिला निसर्ग. तो आहे, मला इथली जांभळं आवडतात आणि पावसात डोंगर हिरवा झाला की मीही फोटो टाकते. पण उल्हास नदी ब्रोशर वाचत नाही. 2005, 2019, 2021 या तिन्ही वर्षी जुलैत तिचं पाणी वस्तीत शिरलं. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीचं पात्र आणि भातखाचरं भरून उभ्या केलेल्या इमारतीला 'रिव्हर व्ह्यू' म्हणायला खरोखर धाडस लागतं.

सगळ्यात जास्त चीड मला कशाची येते? आम्ही एकमेकांवरच चिडतो, याची. चौथ्या सीटवरून भांडण, दाराशी उभं राहण्यावरून भांडण, मागच्या स्टेशनवरून उलट येऊन जागा धरणाऱ्या 'रिटर्न'वाल्यांशी भांडण. लेडीज डब्यात सकाळी सातला मी बायकांना एकमेकींच्या ओढण्या खेचताना पाहिलंय. दोघींची ऑफिसं एकाच इमारतीत असतील कदाचित, दोघींचे बॉस अकरा वाजता गाडीने येत असतील. आणि त्या भांडणाचा व्हिडिओ व्हायरल झाला की मुंबईकर म्हणतात, 'लांबून येणारे ना, असेच.'

20 ऑगस्ट 2024 ला लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध गाव चिडून उठलं आणि रुळांवर बसलं. तेव्हा अनेकांनी विचारलं, रेल्वेचा काय संबंध? संबंध हा, की पोरांना शाळेत सोडून दिवसभर 68 किलोमीटर लांब असलेल्या आई-बापांचं हे गाव आहे. आणि इथली लोकल थांबेपर्यंत मुंबईला बदलापूर दिसत नाही.

मग करायचं काय? 'गावाला परत जा' किंवा 'मुंबईत भाड्याने राहा' हे सल्ले नकोत. 2020 मध्ये मार्चच्या शेवटी लोकल बंद झाली आणि सर्वसामान्यांसाठी ती ठरावीक वेळांपुरती उघडली थेट फेब्रुवारी 2021 मध्ये. त्या दहा महिन्यांत लाखोंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून कामं केली आणि कंपन्या चालल्या. मग 'टीम स्पिरिट'साठी आम्हाला परत बोलावलं गेलं. तेव्हा पहिली मागणी साधी: जे काम घरून झालं होतं, ते निदान आठवड्यातून तीन दिवस घरून होऊ द्या. ज्यांचं काम जागेवरच आहे, म्हणजे नर्स, सेल्सवाले, सफाई कामगार, त्यांच्या पाळ्या गर्दीच्या वेळेपासून हलवा आणि प्रवासभत्ता पासाच्या किमतीवर नाही, तासांवर ठरवा. दुसरी: हजार फ्लॅटच्या वसाहतीला परवानगी देताना त्या माणसांना वाहून नेणारी गाडी कुठली, हे कागदावर दाखवा. तिसरी: मुंबईतल्या सार्वजनिक जमिनीवर विकायची नव्हे, भाड्याची घरं बांधा, नोकरी करणाऱ्याच्या पगारात बसतील अशी.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. तुम्ही हे बहुतेक गाडीतच वाचताय, एका हाताने वरची कडी धरून. पुढच्या मुलाखतीत कुणी 'कुठे राहता?' विचारलं, तर 'जरा लांब राहते, पण मॅनेज करते हं' असं ओशाळून म्हणू नका. 'बदलापूरला. येऊन-जाऊन चार तास. तुमच्याकडे त्याचं काय करतात?' असं विचारा. एकटीने विचारलं तर नोकरी जाईल. डब्यातल्या सगळ्यांनी विचारलं, तर उत्तर द्यावंच लागेल.