अखर्चित म्हणजे अनावश्यक नव्हे

गावच्या आरोग्य केंद्रांना अनुदान देणे थांबवा, असे आता राजरोस बोलले जाते. नुकताच एका परिसंवादात ऐकलेला युक्तिवाद असा: निधी दरवर्षी पडून राहतो, म्हणजे गावांना त्याची गरज नाही, डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, आणि लोकांच्या हाती विम्याचे कार्ड असताना उपकेंद्रांच्या भिंती रंगवायच्या कशाला? वक्त्याची आकडेमोड चोख होती. ज्या केंद्रांना तो टाळे लावायला निघाला होता, त्यांतल्या एखाद्याच्या ओसरीवर तो कधी तासभर बसला असेल, असे मात्र वाटले नाही.

आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच दवाखान्यात भरती झालेल्यासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी किंवा बाळाची लस त्या कार्डावर मिळत नाही. डॉक्टर टिकत नाहीत हे खरे, पण गळक्या क्वार्टरमध्ये कोण टिकेल? ते क्वार्टर दुरुस्त करायलाही अनुदानच लागते.

खरा संताप येतो तो ‘निधी पडून राहतो’ या वाक्याचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. त्याचा पैसा केंद्राकडून राज्याच्या कोषागारात, तिथून राज्य आरोग्य सोसायटीकडे, मग जिल्ह्याला, तालुक्याला आणि सरतेशेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राला पोचतो. कोषागारातून सोसायटीकडे जातानाच तो महिनोन्महिने रखडतो, हे महालेखापरीक्षकांच्या २०१७च्या अहवालात नोंदलेले आहे. मेळघाटातल्या केंद्राला जे पावसाळ्याआधी हवे, त्याची मंजुरी फेब्रुवारीत हाती आली तर ती काय कामाची? त्यात लेखाशीर्षाचे कुंपण. प्रशिक्षणाचे पैसे शिल्लक असले तरी त्यातून जनरेटरला डिझेल भरता येत नाही. मार्चअखेर वैद्यकीय अधिकाऱ्याने घाईने खरेदी केली तर लेखापरीक्षणात आक्षेप, पैसे परत पाठवले तर गावाला गरजच नव्हती असा निष्कर्ष! कालव्याला फेब्रुवारीत पाणी सोडायचे आणि खरीप बुडाला म्हणून शेतकऱ्याला आळशी ठरवायचे, त्यातलाच हा न्याय.

याच अभियानाने उपकेंद्राला वर्षाकाठी १०,००० रुपयांचा अबंधित निधी दिला, तो एएनएम (आरोग्यसेविका) आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे, इतरत्र ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. म्हणजे माणशी दोन ते सव्वातीन रुपये. एवढ्या पैशांत वजनकाटा दुरुस्त व्हायचा, पाण्याची टाकी बसायची, अडलेल्या बाईला रात्री हलवायला जीपचे भाडे निघायचे. कुणाला विचारत बसावे लागत नसे, म्हणून तो पैसा कामी यायचा.

गावाच्या हाती काही द्यायचे नाही, हा हट्ट जुनाच आहे, आणि गावच्या बायकांनी तो कामाने खोडून काढला तेही जुनेच. जामखेडला १९७०पासून गावच्या बायका आरोग्याचे काम करू लागल्या. गडचिरोलीच्या ३९ गावांत तिथल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांना जपले आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जेमतेम शिकलेल्या गावच्या बाईच्या हाती बाळाचा न्यूमोनिया सोपवायचा का, यावर तेव्हा किती खल झाला! पुढे २०११पासून नवजात बाळांसाठी आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. तो वाद तिथेच संपायला हवा होता.

मग करायचे काय? वर्षाचा पहिला हप्ता मे महिन्याच्या आत उपकेंद्राच्या खात्यावर पडावा. अबंधित वाटा वाढवावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. महाराष्ट्रात २००७पासून लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवायांत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारला आहे, तेव्हा हिशेब कोण तपासणार ही चिंता नको. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते साधलेले नाही. आधी ते पैसे द्या, वेळेवर द्या. गावांना गरज आहे की नाही, ते त्यानंतर बोलू.