एका अक्षराची बेबंदशाही

सॉफ्टवेअरची टूल घडवणाऱ्यांना आज आम्ही जाहीर जाब विचारतो आहोत. हिंगणा रोडवर, वानाडोंगरीला अभियांत्रिकी शिकायला विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून मुले येतात. काळ्या पडद्यावर पहिल्या कमांड टाइप करतात, चार वेळा तोंडघशी पडतात आणि आपल्यालाच डोके नाही असे समजून बसतात. डोके त्यांना आहे. शिस्त नाही ती टूल घडवणाऱ्यांना!

पुरावा हवा? रोज वापरले जाणारे गिट घ्या. ‘गिट ॲड’, ‘गिट पुश’, ‘गिट क्लीन’ या तिन्हींना ‘डॅश एन’ जोडले की अर्थ एकच: प्रत्यक्ष काही करू नकोस, काय होईल ते नुसते दाखव. मुलगा हे शिकतो, त्यावर विसंबतो, आणि त्याच भरवशावर तो ‘डॅश एन’ ‘गिट कमिट’ला लावतो. कमिट खरोखर होते! वर कमिटआधीच्या तपासण्या वगळून होते, कारण इथे त्याच अक्षराचा अर्थ ‘तपासू नकोस’ असा ठरवलेला आहे. ‘गिट क्लोन’मध्ये ते अक्षर म्हणजे फाइली मांडू नकोस, ‘चेरी-पिक’मध्ये कमिट करू नकोस, ‘लॉग’मध्ये किती नोंदी हव्यात तो आकडा. जे अक्षर सावधगिरीचे म्हणून शिकवले, तेच शेजारच्या कमांडमध्ये पहारा उठवते. याला रचना म्हणायचे की दगा?

हिंगणा एमआयडीसीतल्या यंत्रांकडे पाहा. आणीबाणीत यंत्र थांबवायचे बटण लाल, त्यामागची पाटी पिवळी. आयएसओ १३८५० चा तो दंडक आहे. ते लाल बटण दुसऱ्या यंत्रावर चालू करण्यासाठी वापरणाऱ्याला कोणी कारखान्याच्या दारात तरी उभे करील काय?

आणि हे एकट्या गिटचे पाप नाही. एसएसएचला पोर्ट सांगायचा तर लहान ‘पी’, तिच्याच सख्ख्या भावंडाला, एससीपीला, मोठा ‘पी’; तिथे लहान ‘पी’ने फाइलीची वेळ जपली जाते. ‘सीपी’मध्ये लहान ‘आर’ने आतल्या फोल्डरांसकट नक्कल होते, ‘एलएस’मध्ये त्याने यादी उलटी होते आणि ‘सीएचमॉड’मध्ये तर फाइल वाचण्याची परवानगीच जाते!

यावर ठरलेले उत्तर येते: हे जुने आहे, बदलले तर जगभरच्या स्क्रिप्ट मोडतील. १९७९ च्या ‘टार’साठी ही सबब आम्ही मान्य करू. पण गिट जन्मले २००५ साली! तोवर कमांडांचे पर्याय कसे लिहावेत याचे पॉझिक्सचे नियम प्रसिद्ध होऊन दशक उलटले होते, आणि प्रत्येक प्रोग्रामला ‘हेल्प’ व ‘व्हर्शन’ हे पर्याय हवेतच, असे ग्नूचे दंडक सांगत होते. जुने न मोडता सुधारता येते, हेही गिटनेच दाखवले: ‘चेकआउट’मध्ये ब्रँच बदलणे आणि फाइलीतले बदल पुसणे ही दोन कामे कोंबलेली होती, २०१९ साली त्यांसाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ वेगळे निघाले, आणि ‘चेकआउट’ही चालूच राहिले. २००६ च्या पॉवरशेलने तर क्रियापदांची यादीच ठरवून दिली आणि ‘व्हॉट-इफ’ हा एकच पर्याय बदल घडवणाऱ्या कमांडांसाठी राखला. म्हणजे अडचण काळाची नाही, इच्छेची आहे.

परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नवी टूल लिहिणाऱ्यांनो, तुम्हाला तर जुन्याची सबबही नाही! ‘हेल्प’ आणि ‘व्हर्शन’ दोन डॅशांनीच द्या. नाश करू शकणाऱ्या प्रत्येक कमांडला ‘ड्राय-रन’ पूर्ण शब्दांत द्या. दोन मोकळ्या डॅशांपुढचे सारे फाइलींची नावे माना, म्हणजे डॅशने सुरू होणारी फाइलही बिनधोक पुसता येईल. एक अक्षर एका टूलमध्ये एकाच अर्थाने वापरा. अर्थ जुळत नसेल तर अक्षर देऊच नका, पूर्ण शब्द लिहायला लावा. आणि प्राध्यापकांनो, व्हायवात हे विसंगत पर्याय पाठ म्हणून घेणे थांबवा; मुलांच्या स्वतःच्या टूलमध्ये पर्यायांची सुसंगती तपासा आणि त्याचे गुण द्या!