चार श्रेयांकांची सेवा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या व्यक्तींच्या संस्थांत जाऊन काम करावे, ही कल्पना ऐकताक्षणीच कोणाही सहृदय माणसाला पटते. तिच्याविषयी शंका काढणारा पाषाणहृदयीच ठरायचा. म्हणूनच तिची चिकित्सा आजवर कोणी केली नाही, आणि म्हणूनच ती करणे भाग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात उन्हाळी आंतरवासिता आणि समाजसेवा यांना श्रेयांकांचे स्थान मिळाले. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे चार श्रेयांकांना 120 तास. राष्ट्रीय सेवा योजनेतही स्वयंसेवकाकडून वर्षाला 120 तासांचीच अपेक्षा असते. दिवसाला सहा तास धरले तर हे वीस दिवसांचे काम झाले. या वीस दिवसांत विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, संस्थेला फुकटचे हात मिळतात, महाविद्यालयाला अहवालात छापण्यासाठी छायाचित्रे मिळतात. ज्याच्या नावाने हा सारा व्यवहार चालतो, त्याच्या पदरात काय पडते?

पंचवीस वर्षांच्या एखाद्या तरुणाला सदऱ्याची बटणे लावायला किंवा बसचा क्रमांक ओळखायला शिकवायचे, तर त्याला काही महिने लागू शकतात. त्याआधी शिकवणाऱ्याचा आवाज आणि त्याच्या हाताचा स्पर्श ओळखीचा व्हावा लागतो. जेवू घालणे, आंघोळ घालणे ही कामे तर परक्या माणसाकडून करून घेणे कोणालाही अवघडच वाटेल. वीस दिवसांत ही ओळख कुठे होऊ लागते, तोच विद्यार्थी निघून जातो. तो का गेला, हे त्या तरुणाला नीट समजावून सांगायलाही पुष्कळदा मागे कोणी उरत नाही. येथे दोष विद्यार्थ्याचा नाही. त्यांच्यापैकी अनेकजण मन लावून काम करतात आणि बदलून परत येतात. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी कायम भरावयाची पदे रिकामी ठेवते आणि त्या जागी दरवर्षी नवा उत्साह उभा करते.

या प्रश्नात समाजवादी कार्यकर्त्यांची स्वतःचीही एक अडचण आहे. 1941 साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्यांना श्रमदान हा शब्दच पवित्र वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु श्रमदानाने विहीर खणली, रस्ता बांधला, तर शिबिर संपल्यावर स्वयंसेवक घरी जातात आणि विहीर गावात राहते. निगेच्या श्रमाचे तसे नाही. आज केलेली निगा आजच संपते. उद्या सकाळी ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. जे काम रोजचे आहे ते शिबिरावर सोपवणे म्हणजे ते न करणेच होय. हा भेद लक्षात न घेता सेवेचे गोडवे गाणाऱ्या पुरोगाम्यांनी सरकारची फार मोठी सोय करून ठेवली आहे.

ती सोय कशी, हे कायद्याच्या भाषेतूनच दिसते. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्याच कलमाचा आरंभ ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ अशा आशयाच्या शब्दांनी होतो. ही मर्यादा कोणी आखायची? केंद्र सरकारने 2012 साली दारिद्र्यरेषेखालील तीव्र अपंग प्रौढांसाठी आपल्या वाट्याचे निवृत्तिवेतन महिना 300 रुपये ठरवले, म्हणजे दिवसाला 10 रुपये. महागाई वाढत गेली. हा आकडा दशकभर हलला नाही. अपंगाला ‘दिव्यांग’ म्हणण्यास खर्च येत नाही, म्हणून ते तेवढे तत्परतेने झाले.

उरलेला खर्च कोण सोसते? 2024 च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटात घरच्या माणसांची निगा राखणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सुमारे 140 मिनिटे देते, पुरुष 74. ही झाली सर्वसाधारण सरासरी. ज्या आईचा मुलगा चाळिशीतही एकटा राहू शकत नाही, तिचा दिवस या सरासरीत कोठेच दिसत नाही. विशेष शाळाही उन्हाळ्यात बंद असतात. नेमक्या त्याच महिन्यांत मजुरीला जाणाऱ्या आईपुढे मुलाला कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी खरोखर हवेत ते तेथे, वस्तीतल्या दिवसभराच्या निगा केंद्रात. आणि तेही कायम वेतनावर नेमलेल्या प्रशिक्षित सेविकेच्या हाताखाली, तिच्याऐवजी नव्हे.

विद्यार्थ्याला पैसे दिले तर सेवाभाव उरणार नाही, असा आक्षेप हमखास येईल. परिचारिकेला पगार मिळतो म्हणून तिची माया आटल्याचे कोणी म्हणत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील शिकाऊ फिटरला विद्यावेतन द्यावे लागते. लोखंड घासायला शिकणाऱ्याला मोबदला आणि माणूस सांभाळायला शिकणाऱ्याला प्रमाणपत्र, ही कोणती मूल्यव्यवस्था? शिवाय बिनपगारी उन्हाळा परवडतो तो खात्यापित्या घरच्या मुलांनाच. शेतमजुराची मुलगी मे महिन्यात कामावर जाते. तिने हे श्रेयांक कोठून आणावेत?

विद्यापीठांच्या अधिसभांत पुरोगामी विचारांचे जे सदस्य आहेत, त्यांनी येत्या अंदाजपत्रकी सभेत उन्हाळी आंतरवासितेच्या विद्यावेतनाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली केली आहे, हे विचारावे. आणि ज्या संस्थांत विद्यार्थी धाडले जातात, तेथे मंजूर पदे किती व भरलेली किती, याचा तक्ता त्याच सभेपुढे ठेवण्याचा आग्रह धरावा.